तारेचीही आगोट हवी

मिरग लागायच्या आधी कोकणातलं प्रत्येक घर आगोट करतं. कौलं परतून होतात, पडवीला झावळांची झड लागते, लाकूडफाटा माळ्यावर चढतो. सुकी मच्छी, मीठ, मसाला, कांदे भरून ठेवले जातात. चार महिने बाजाराचं तोंड दिसलं नाही तरी चूल पेटली पाहिजे, हा त्यामागचा साधा हिशेब. ग्रामपंचायत गटारं उपसते, महावितरणचे वायरमन तारांवर झुकलेल्या फांद्या तोडत फिरतात. गेल्या काही वर्षांत घरात आलेल्या एका गोष्टीची आगोट मात्र कुणीच करत नाही. फोन कंपनीने खांबावरून, फणसावरून, माडावरून ओढत आणलेली ती इंटरनेटची बारीक काळी तार पावसाच्या तोंडावर आदल्या वर्षीच्याच गाठींनिशी लोंबकळत असते.

आमच्या गुहागर तालुक्यातल्या वाडीत या तारेवर काय काय चालतं ते सांगते. सातबारा आणि दाखले काढून देणारं केंद्र तिच्यावर चालतं, पतपेढी चालते. मार्च ते मे आंब्याच्या पेट्यांच्या ऑर्डरी आणि त्यांचे पैसे तिच्यावरून येतात. समुद्राकाठच्या घरगुती निवासांची बुकिंग होतात. रेशन दुकानातलं अंगठा घेणारं यंत्र आणि रोजगार हमीच्या मजुरांची फोटो काढून लावायची हजेरी मोबाइलच्या रेंजवर चालते, आणि रेंजही शेवटी कुठल्या तरी तारेवरूनच टॉवरपर्यंत पोचलेली असते. २०२० च्या टाळेबंदीत मुंबई-पुण्याहून आलेल्या मुलांपैकी काही जण इथेच राहून काम करू लागले, ते याच भरवशावर. त्याआधी मुलं रेंजसाठी सड्यावर जाऊन बसत. गाव खाली खाडीच्या कुशीत आणि रेंज वर कातळावर, ही आमची जुनी अडचण. सिंधुदुर्गातल्या एका मुलीने डोंगरावर झोपडीत बसून अभ्यास केला, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिचं कौतुक केलं. ते योग्यच होतं. पण तिला झोपडीची गरज का पडली, हे विचारायला फारसं कुणी थांबलं नाही.

गेल्या जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री वारा सुटला आणि रस्त्याकडेच्या ऐनाची मोठी फांदी खाली आली. वीजही गेली, नेटही गेलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वीज आली. राउटरवरचा लाल दिवा मात्र पुढचे अकरा दिवस तसाच राहिला. मी तक्रार नोंदवली, क्रमांक घेतला. चौथ्या दिवशी सड्यावर गेले तेव्हा रेंजमध्ये येताच मेसेज आला की आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे. घरी लाल दिवा होताच. पुन्हा तक्रार, पुन्हा क्रमांक, पुन्हा तोच मेसेज. अशा तीन तक्रारी कंपनीच्या दप्तरात सुटलेल्या म्हणून जमा आहेत. महिन्याचं बिल पूर्ण आलं. कंपनीचं नाव मी मुद्दाम घेत नाही. खाडीपलीकडच्या गावात दुसऱ्या कंपनीची जोडणी आहे, तिथल्या लोकांनीही मला हाच अनुभव सांगितला. एका कंपनीवर राग काढून हा प्रश्न सुटणारा नाही, कारण नियमच असे आहेत की असं वागणाऱ्या कंपनीचं काही बिघडत नाही.

नियम नाहीत असं कुणी म्हणू नये. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, १९९७ च्या कायद्याने स्थापन झालं. ब्रॉडबँड कशाला म्हणायचं याची व्याख्या २००४ च्या धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट होती, २०१३ मध्ये ती ५१२ झाली आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट. सेवेच्या दर्जाची नवी नियमावली १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाली. तिच्यात तारेचा फोन, मोबाइल, तारेचं आणि बिनतारी ब्रॉडबँड या सगळ्यांचा एकत्र विचार आहे. घरच्या तारेच्या जोडणीतला बिघाड तीन दिवसांत दूर झाला नाही तर ग्राहकाला भरपाई द्यायची. एखाद्या जिल्ह्यात सेवा चोवीस तासांहून जास्त ठप्प राहिली तर बिलात सूट आणि प्रीपेडवाल्यांना मुदतवाढ द्यायची. कंपन्यांनी आपल्या रेंजचे नकाशे लोकांसमोर मांडायचे. दंडही वाढवले आहेत. हे मी वाचलं तेव्हा मला मनापासून बरं वाटलं होतं. दिल्लीत बसून कुणी तरी ग्राहकाचा विचार केला आहे हे त्यातून दिसतं.

मग मी 'जिल्हा' या शब्दापाशी अडखळले.

रत्नागिरी जिल्हा म्हणजे मंडणगडपासून राजापूरपर्यंत नऊ तालुके. मधे सावित्रीपासून वाघोटनपर्यंत खाड्यामागून खाड्या, आणि एका काठावरच्या गावाचं दुसऱ्या काठाशी पावसाळ्यात येणंजाणंही सहज नसतं. गुहागरची एक पट्टी पंधरा दिवस बंद राहिली तरी रत्नागिरी शहरात, खेडात, चिपळुणात सेवा चालू असते. म्हणजे जिल्हा चालू. एका वाडीचं, एका पंचक्रोशीचं बंद पडणं या नियमाच्या नजरेला दिसतच नाही. त्याच्या वरची पायरी परिमंडळाची. दूरसंचार खात्याच्या हिशेबात मुंबई वेगळी आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासकट एक. पुणे, नाशिक, नागपूर, औद्योगिक वसाहती आणि आमच्या वाड्या यांची सरासरी निघाली की ती चांगलीच दिसणार. पुण्यातल्या एका मोठ्या सोसायटीत जितक्या जोडण्या असतील तितक्या आमच्या अख्ख्या पंचक्रोशीत नसतात. मग सरासरीत आमचं वजन किती?

राहिला तीन दिवसांचा नियम. तो मात्र एकेका जोडणीला लागू आहे, म्हणून तो माझ्या उपयोगाचा असायला हवा होता. पण तीन दिवस मोजणारं घड्याळ कंपनीच्या हातात आहे. तक्रार सुटली असं तिने नोंदवलं की घड्याळ थांबतं. खरंच सुटली का, हे ग्राहकाला विचारून तपासणारं मधे कुणी नाही. माझ्या अकरा दिवसांचे कागदावर तीन दिवसांच्या आतले तुकडे झाले आणि भरपाईचा प्रश्नच उरला नाही. ग्राहकाने स्वतः होकार दिल्याशिवाय तक्रार बंद होणार नाही, आणि त्याच जोडणीवर आठवड्याच्या आत आलेली दुसरी तक्रार ही पहिलीचाच पुढचा भाग धरली जाईल, एवढी दोन वाक्यं नियमात घातली तर पुष्कळ फरक पडेल. यात पैशाचा खर्चही नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जिल्हा ठप्प झाल्यावरची जी सूट ट्रायने ग्राहकाला दिली, तिला एक अपवाद आहे: नैसर्गिक आपत्तीमुळे सेवा बंद पडली असेल तर ती द्यावी लागत नाही.

वाचताना हे रास्त वाटतं. वादळ कंपनीने आणलेलं नसतं. पण कोकणात हा अपवाद कसा लागू होईल ते बघा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोलीतल्या सुपारीच्या आणि नारळाच्या बागा आडव्या झाल्या, कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. पुढच्या वर्षी मे महिन्याच्या मध्यावर तौक्ते आलं. ते किनाऱ्याला समांतर वर सरकत गेलं आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीला झोडपून गेलं. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २२ जुलै २०२१ ला, चिपळूण बुडालं. चौदा महिन्यांत तीन आपत्त्या. शिवाय दरवर्षीच्या दरडी, दरवर्षीचं परशुराम घाटात वाहतुकीचं थांबणं, दरवर्षीचे पूर. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्या चार महिन्यांत बंद पडलेल्या कुठल्याही तारेमागे वारा, पाणी, झाड किंवा दरड यांपैकी काही तरी सापडतंच. प्रत्येक वेळी ती 'नैसर्गिक आपत्ती' म्हणून माफ होणार असेल, तर या किनाऱ्यावर ग्राहकाचा हा हक्क ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंतच शिल्लक राहतो.

पावसाळा ही आपत्ती नव्हे, तो ऋतू आहे. तो येणार हे मे महिन्यात प्रत्येकाला माहीत असतं. निसर्गसारखं वादळ ही आपत्ती खरी, पण तिथेही दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. तार तुटणं वादळाच्या हातात होतं. ती तुटलेली तार बाविसाव्या दिवशीही तशीच पडून राहणं माणसांच्या हातात होतं. अपवाद द्यायचा तर पहिल्या घटनेला द्यावा, दुसरीला नाही. म्हणून अपवादाला मुदत हवी. माझ्या मते बहात्तर तासांत गावात निदान एक टॉवर चालू व्हावा आणि पंधरा दिवसांत घरच्या तारा जोडल्या जाव्यात. वादळ फारच मोठं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांनी कारण नोंदवून मुदत वाढवावी, पण ती वाढवणारा माणूस कंपनीबाहेरचा असावा. मुदत संपली की भरपाई सुरू. आकड्यांबद्दल माझा हट्ट नाही. कुणी वीस दिवस म्हणाले तर मी वीस मान्य करीन, पण काही तरी आकडा हवा.

विजेच्या बाबतीत आपल्याकडे हा विचार जुना आहे. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या कृती-मानकांत एकेका ग्राहकाची जोडणी हे माप आहे. शहराला वेगळी मुदत, ग्रामीण भागाला वेगळी, आणि मुदत चुकली तर भरपाई. तिथेही वादळ-पुराची सूट आहे, महावितरणबद्दल आमच्या तक्रारीही काही कमी नाहीत. तरी तालुक्याला त्यांचं कार्यालय आहे, गावाला ओळखीचा वायरमन आहे, आणि फांदी पडली तर कुणाच्या दारात जायचं हे म्हाताऱ्या माणसालाही ठाऊक आहे. फोन कंपनीचं दार कुठे आहे ते मला आज अकरा दिवसांच्या अनुभवानंतरही सांगता येणार नाही.

आमच्याकडे दुरुस्तीला येतो तो मुलगा कंपनीचा नोकर नाही. पूर्वी तो केबल टीव्हीच्या तारा ओढायचा. आता कंपनीच्या जोडण्या गावात तोच देतो आणि महिन्याच्या बिलातला ठरलेला वाटा त्याला मिळतो. तार त्याने ओढायची, शिडी त्याची, मोटरसायकल त्याची, काचेचा तो केसाएवढा धागा जोडायचं स्प्लाइसिंग मशीन त्याने कर्ज काढून घेतलेलं. चाळीस घरांसाठी त्याला काही किलोमीटर तार सांभाळावी लागते, आणि त्यातली निम्मी घरं चाकरमान्यांची, गणपतीपुरती उघडणारी. गेल्या जूनमध्ये एका रात्रीत त्याच्या सात ठिकाणी तारा तुटल्या. मदतीला दुसरा माणूस नव्हता. नवी तार चिपळुणाहून यायची होती आणि तिचे पैसेही त्यानेच घालायचे होते. अकराव्या दिवशी तो चिखलाने माखून आला, लाल दिवा हिरवा केला आणि माझीच माफी मागून गेला. मला त्याची लाज वाटली नाही, माझ्या रागाची वाटली. कंपनी शहरातल्या ग्राहकाला जो शब्द देते तोच मला देते, आणि तो पाळायचा सगळा भार या मुलाच्या शिडीवर टाकते. नियमावलीला ही व्यवस्था दिसत नाही, कारण तिच्यासमोर फक्त परवानाधारक कंपनी असते. दुरुस्तीची साखळी कशी आहे, कोणत्या तालुक्यात किती माणसं, किती यंत्रं, किती राखीव तार आहे, हे कंपनीने सांगितलंच पाहिजे असं बंधन हवं. स्थानिक भागीदाराला पावसाळ्यात साहित्य पुरवण्याची जबाबदारीही कंपनीचीच हवी.

याला एक उत्तर नेहमी येतं आणि ते टाकून देण्यासारखं नाही. गिऱ्हाईक थोडं, तार लांब, पाऊस असा. नियम जास्त आवळलेत तर कंपन्या इथे येणारच नाहीत. आहे तेही जाईल. या भीतीत तथ्य आहे. मी कंपनीच्या जागी असते तर मलाही पनवेलचं गिऱ्हाईक पालशेतच्या गिऱ्हाइकापेक्षा बरं वाटलं असतं. पण हा प्रश्न सरकारला १९९९ च्या दूरसंचार धोरणातच पडला होता आणि त्याचं उत्तरही तेव्हाच काढलेलं आहे. कंपन्यांच्या समायोजित महसुलातले पाच टक्के एका निधीत जमा होतात, ते नेमके अशाच भागांसाठी. २००२ पासून हा सार्वत्रिक सेवा निधी आहे, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचं नाव डिजिटल भारत निधी झालं. हा पैसा शेवटी आपल्याच रिचार्जमधून आणि बिलांतून गेलेला असतो. वर्षानुवर्षं त्यातली मोठी रक्कम खर्चाविना पडून राहिली. पुढे त्यातून ग्रामपंचायतींना जोडणारं भारतनेट आलं. २०२२ मध्ये रेंज नसलेल्या सुमारे पंचवीस हजार गावांसाठी टॉवरची योजना मंजूर झाली आणि २०२३ मध्ये भारतनेटच्या सुधारित कार्यक्रमाला १ लाख ३९ हजार कोटींची मंजुरी मिळाली. म्हणजे पैसा नाही असं नाही. पण तो तार टाकायला आणि टॉवर उभारायला मिळतो. टाकलेली तार पावसात टिकवायला कितपत मिळतो, हा माझा प्रश्न आहे. टॉवरचं उद्घाटन होतं, त्याखालच्या बॅटऱ्यांचं होत नाही. वीज गेल्यावर दोन-तीन तासांत रेंज जाणारे टॉवर आमच्या बाजूला प्रत्येकाला माहीत आहेत.

कॅलिफोर्नियात वणव्यांमुळे वीज तोडावी लागते आणि विजेबरोबर मोबाइल सेवाही जाते, हे अनुभवाला आल्यावर तिथल्या सेवा आयोगाने २०२० मध्ये मोबाइल कंपन्यांना सक्ती केली: वणव्याचा मोठा धोका असलेल्या पट्ट्यात बहात्तर तास पुरेल एवढी पर्यायी वीज ठेवा. त्यांचा वणवा, आमचं वादळ. धोक्याचा पट्टा आधी आखायचा आणि त्या पट्ट्याला वेगळा, कडक नियम लावायचा, ही पद्धत इथे आणायला काय हरकत आहे? चिपळुणात २०२१ नंतर निळ्या आणि लाल पूररेषेवरून केवढा वाद झाला. घर कुठे बांधायचं, किती उंच बांधायचं हे ती रेषा सामान्य माणसाला सांगते. मग फोन कंपनीची यंत्रपेटी, जनित्र आणि बॅटऱ्या लाल रेषेच्या वर ठेवा, हे कंपनीला का सांगू नये? त्या पुराच्या रात्री माणसं माळ्यांवर आणि गच्च्यांवर बसून होती, शहराची वीज आणि फोन गेले होते, आणि मुंबईत त्यांची मुलं सकाळपर्यंत न लागणारे नंबर फिरवत होती. माझी मावसबहीण त्यांतली एक होती. तिच्या आईचा आवाज तिला तिसऱ्या दिवशी ऐकू आला.

बाजारातली स्पर्धा हे सगळं आपोआप सुधारेल, असंही म्हणतात. शहरात ते काही अंशी खरं आहे. ठाण्यातल्या माझ्या भावाच्या इमारतीत चार कंपन्यांच्या तारा आहेत, एकीने त्रास दिला की तो दुसरीकडे जातो. आमच्याकडे एकच तार येते. २०२४ च्या अखेरीला देशात ब्रॉडबँडच्या सुमारे ९४ कोटी जोडण्या होत्या, त्यांतल्या तारेच्या जेमतेम चार कोटींच्या आसपास. बाकी सगळे मोबाइलवर. आणि मोबाइलमध्ये एके काळी डझनभर कंपन्या होत्या, त्या आता तीन खासगी आणि एक सरकारी एवढ्यावर आल्या. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी काही दिवसांच्या अंतराने दर वाढवले. दर ठरवायचं स्वातंत्र्य ट्रायने त्यांना दिलेलं आहेच. त्याला माझी हरकत नाही, पण मग दर्जाचा धाक तरी खरा हवा.

तार एकच असेल तर ती सर्वांना खुली असावी, हा विचार जगात झालेला आहे. अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने जुन्या फोन कंपन्यांना आपली तार प्रतिस्पर्ध्यांनाही वापरू द्यायला लावली होती. २००५ मध्ये तिथल्या संघीय आयोगाने ठरवलं की फोन कंपनीचं ब्रॉडबँड ही दूरसंचार सेवा नसून माहिती सेवा आहे, आणि त्या एका शब्दाने स्वतंत्र इंटरनेट कंपन्यांना तारेवर जागा देण्याचं बंधन सुटलं. २०१५ मध्ये तो शब्द पुन्हा बदलला, २०१७ मध्ये परत फिरवला, २०२४ मध्ये पुन्हा बदलला आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने तो बदल रद्द केला. वीस वर्षं एका शब्दाभोवती गेली. ब्रिटनने दुसरा रस्ता धरला. २००६ मध्ये तारेचं जाळं सांभाळणारा विभाग ओपनरीच या नावाने वेगळा काढला आणि त्याने सगळ्या कंपन्यांना सारख्याच अटींवर तार द्यायची असं ठरलं. आपल्याकडे ट्रायने २००४ मध्ये तांब्याच्या तारा इतरांना खुल्या करण्याची शिफारस केली होती. सरकारने ती सक्ती मानली नाही, कंपन्यांच्या आपसातल्या करारांवर सोडली. तांब्याचा काळ आता गेला. पण निधीच्या पैशाने गावापर्यंत आलेली फायबर एकाच कंपनीची मिरास होऊ नये, ही गोष्ट अजून हातातून गेलेली नाही. आपल्याकडे ब्रॉडबँड परवान्याच्या चौकटीतच आहे, शब्दाचा तसा वाद नाही. अधिकार आहे. आणि ट्राय तो वापरू शकतं हे आपण पाहिलं आहे: ८ फेब्रुवारी २०१६ ला त्याने इंटरनेटवर मजकुरानुसार वेगवेगळे दर लावायला बंदी घातली, तेव्हा समोर जगातल्या बलाढ्य कंपन्या होत्या आणि पाठीशी लाखो सामान्य लोकांची पत्रं. तेवढ्याच निर्धाराने त्याने एकदा आमच्या खाड्यांकडे बघावं.

आगोटीचा नियम कसा असेल, तेही सांगते. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे आणि त्याखाली प्रत्येक जिल्ह्याच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. दरवर्षी मे महिन्यात त्यांच्याकडे मान्सूनपूर्व बैठक होते. त्या बैठकीआधी प्रत्येक फोन कंपनीने लेखी द्यावं की कोणत्या टॉवरला किती तासांची बॅटरी, कुठे डिझेल, कोणत्या रस्त्यावर तारेवरच्या फांद्या काढल्या, कोणत्या तालुक्यात दुरुस्तीची किती माणसं. ते पंचायतीच्या फलकावर लागावं. वादळाचा इशारा आला की एका कंपनीच्या टॉवरवरून दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकालाही फोन लागावा. ही सोय तांत्रिकदृष्ट्या नवी नाही. निधीतून उभारलेल्या टॉवरवर ती जानेवारी २०२५ पासून सुरू झाली आहे आणि वादळांच्या वेळी सरकारने ती वापरलेलीही आहे. कोकणात ती जून ते सप्टेंबर आपोआप चालू असावी, इशाऱ्याची वाट कशाला? आणि महामार्गाचं काम. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून चालू आहे. जेसीबीने केबल तोडली की चार तालुके बंद, हे आम्ही इतक्या वेळा अनुभवलं आहे की आता कुणी कारणही विचारत नाही. खोदण्याआधी कळवण्यासाठी 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप मार्च २०२३ मध्ये आलं. रस्त्यांसारख्या प्रकल्पांत सगळ्यांच्या तारांसाठी सामाईक नळ टाकता येतील, अशी तरतूद २०२३ च्या कायद्यात आहे. अलिबागेत वादळाच्या भीतीने वीजतारा जमिनीखाली नेण्याचं काम हाती घेतलं गेलं. तसा चर जिथे खणला जाईल तिथे त्याच चरात फोनच्या तारेचा नळही जावा, म्हणजे रस्ता दोनदा फुटणार नाही.

दाद मागायची वाटही सोपी व्हायला हवी. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. कंपनीचं तक्रार केंद्र आणि मग कंपनीचंच अपील प्राधिकरण, एवढीच पायरी. ग्राहक मंचाचा रस्ता २००९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अडला होता, तो फेब्रुवारी २०२२ च्या निकालाने मोकळा झाला. ही मोठी गोष्ट आहे आणि ती फार थोड्या लोकांना माहीत आहे. पण मंडणगडच्या माणसाने पाच-सहाशे रुपयांच्या बिलासाठी दीडशे किलोमीटरवरच्या रत्नागिरीला तारखा घ्याव्यात, ही अपेक्षा कशी करायची? २०२३ च्या कायद्यात ग्राहकांसाठी ऑनलाइन तंटा निवारणाची तरतूद आहे. ती अमलात आणताना तहसील कार्यालयात, निदान दाखले देणाऱ्या केंद्रात, कागदावर तक्रार घ्यायची सोय ठेवावी. ज्याचं नेट गेलं आहे त्यालाच ती तक्रार करायची असते.

यंदाच्या १ मेच्या ग्रामसभेत आम्ही ठराव केला. कंपनीला चार गोष्टी विचारल्या आहेत: टॉवरची बॅटरी किती तासांची, डिझेल कुठे ठेवलं आहे, पावसाळ्यात आमच्या गावासाठी किती माणसं, आणि राखीव तार किती. पत्राची प्रत तहसीलदारांना दिली, एक ट्रायला पाठवली. ग्रामसेवकांनी पोच लावून फाइल केली आहे. त्या शिडीवाल्या मुलाने ठरावावर सही करताना हळूच विचारलं, राखीव तारेचं उत्तर आलं तर मलाही दाखवाल ना?

उत्तर अजून यायचं आहे. परवा महावितरणच्या वायरमनने ऐनाची उरलेली फांदी तोडली. तिच्याखालून फोनची तारही जाते. ती त्याने एका हाताने बाजूला धरली आणि काम झाल्यावर होती तिथे सोडून दिली.